ताकद कमी-जास्त असलेल्यांचा बुद्धिबळाचा डाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी संध्याकाळी बुद्धिबळाचे पट मांडले जातात. फिडेचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं, मानांकन (ताकद दाखवणारा आकडा) असलेली शाळकरी मुलं येतात, निवृत्त झालेले काका-आजोबा येतात, कॉलेजनंतर पटाला हात न लावलेल्या ताई येतात आणि घोडा अडीच घरं चालतो एवढंच माहीत असलेले शेजारीही येतात. त्यामुळे तोडीस तोड असे डाव थोडे आणि एक बाजू जड असलेले डाव जास्त. अशा डावांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियम फिडेचे आहेत. जिथे फक्त आमची पद्धत सांगितली आहे तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

दोघांच्या ताकदीत किती फरक आहे हे कशावरून कळतं?

मानांकनावरून. आज जगभर चालते ती पद्धत अर्पाद एलो यांची. ते जन्माने हंगेरीचे, अमेरिकेत मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः चांगले खेळाडू होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि फिडेने १९७० मध्ये.

या पद्धतीत बघायचा तो दोन आकड्यांमधला फरक. १०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूला सरासरी ६४ टक्के गुण मिळावेत अशी अपेक्षा असते. २०० च्या फरकाला ७६ टक्के, ३०० ला ८५ आणि ४०० ला ९२. यात बरोबरीचा अर्धा गुण धरलेला आहे, म्हणजे ७६ टक्के याचा अर्थ शंभरातले ७६ डाव जिंकणं असा नाही. दहा डाव खेळले तर वरच्याला साधारण साडेसात गुण, खालच्याला अडीच. हे अडीच गुण लोक विसरतात. दोनशेने वरच्या खेळाडूसमोर बसणारा जणू शून्यच घेऊन उठणार आहे अशा चेहऱ्याने बसतो. गणित तसं सांगत नाही.

शाळकरी मुलांच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवं. मूल रोज सराव करतं, पण मानांकनाच्या स्पर्धा वर्षात थोड्याच खेळतं. त्याचा खेळ पुढे जातो आणि आकडा मागे राहतो. समोरच्या पोराचं मानांकन १४५० आहे म्हणून त्याला १४५०चाच समजलेले अनेक मोठे लोक पहिल्या तासात सावरून बसलेले आम्ही बघतो.

मानांकन नसलेल्यांसाठी आमची पद्धत साधी आहे. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव खेळून बघायचे. कोण किती पाण्यात आहे ते तेवढ्यात समजतं.

कमी मानांकनाचा खेळाडू खरोखर जिंकतो का, की हे फक्त धीर देण्यासाठी सांगता?

जिंकतो. नागपूरच्या दिव्या देशमुखचंच उदाहरण घ्या. २०२५ चा महिला विश्वचषक जॉर्जियातल्या बाटुमीला झाला. त्यातल्या खेळाडूंच्या मानांकनानुसार यादीत ती पंधरावी होती. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी, मानांकनाने आणि अनुभवाने कितीतरी पुढे. दोन पारंपरिक (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला बरोबरी फोडण्यासाठी झालेल्या जलद डावांमध्ये दिव्या जिंकली. एकोणीस वर्षांची ही मुलगी विश्वचषकाबरोबर थेट ग्रँडमास्टरचा किताब घेऊन परतली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका खुल्या स्पर्धेत सिंगापूरकडून खेळणाऱ्या आठ वर्षांच्या अश्वथ कौशिकने पोलंडचे ग्रँडमास्टर यात्सेक स्टोपा यांना हरवलं. २००४ मध्ये रेक्याविकला तेरा वर्षांच्या मॅग्नस कार्लसनने जलद डावात तेव्हा जगात अव्वल असलेल्या गॅरी कास्पारोव्हला बरोबरीत रोखलं. तेव्हा दोघांच्या मानांकनात तीनशेहून जास्त अंतर होतं. पुढचा डाव कार्लसन हरला हेही सांगायला हवं. असे निकाल रोज लागत नाहीत. वरच्या आकड्यांत ४०० किंवा ३०० ने खालच्या खेळाडूला जे आठ किंवा पंधरा टक्के उरतात, ते असे प्रत्यक्षात उतरतात.

स्पर्धेत पहिल्याच फेरीत माझ्या वाट्याला इतका तगडा खेळाडू का येतो? नशीबच वाईट की काय?

नशिबाचा संबंध नाही. बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. खेळाडूंची मानांकनानुसार यादी लावतात, तिचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातल्या पहिल्याची गाठ खालच्या भागातल्या पहिल्याशी घालतात. चाळीस खेळाडू असतील तर पहिला एकविसाव्याशी, दुसरा बाविसाव्याशी. म्हणजे खालच्या अर्ध्या यादीतल्या प्रत्येकालाच पहिल्या फेरीत वरचा खेळाडू येतो.

त्यानंतर सारखे गुण असलेले एकमेकांशी खेळतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून आपल्या तोलाचे प्रतिस्पर्धी मिळू लागतात. दोन डाव हरल्यावर मुलाला उचलून घरी नेणारे पालक आम्ही पाहतो. तुमच्या मुलाची खरी स्पर्धा तिथून पुढे सुरू होणार असते, तेव्हा कृपया थांबा. जायलाच लागणार असेल तर पंचांना सांगून जा, नाहीतर पुढच्या फेरीत कुणीतरी रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतं.

माझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या खेळाडूशी कसं खेळू?

जे रोज खेळता तेच खेळा. आदल्या रात्री व्हिडिओ बघून नवी सुरुवात शिकून आलात तर पाचव्या-सहाव्या खेळीला तुम्ही अनोळखी गल्लीत असता आणि समोरच्याला ती गल्ली पाठ असते. ओळखीच्या स्थितीत तुमची मोहरी कुठे नांदतात हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि तेवढाच वेळ वाचतो.

पंधराशेच्या आतल्या डावांत खोल योजनेने फारसं कुणी हरत नाही. हरतात ते फुकट गेलेल्या घोड्याने, न पाहिलेल्या शहाने, मागच्या ओळीवर बसलेल्या मातेने. म्हणून समोरच्याने खेळी केली की आधी तिच्याकडे बघायचं. हा कुठे शह देऊ शकतो? काय मारू शकतो? माझा कुठला मोहरा विनाआधार आहे? एवढं झालं की मग आपल्या योजनेकडे वळायचं. आमच्याकडे नव्याने येणाऱ्याला पहिले काही रविवार आम्ही याशिवाय दुसरं काही सांगत नाही.

वेळेचं म्हणाल तर बलवान खेळाडू भराभर खेळतो आणि कमजोर खेळाडूही नकळत त्याच्या लयीत ओढला जातो. त्याने ती स्थिती शंभर वेळा पाहिली आहे, म्हणून तो भराभर खेळतोय. तुम्ही पाहिलेली नाही. तुमच्या घड्याळातली मिनिटं तुमची आहेत, ती वापरा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याची प्रत्येक खेळी बरोबरच असणार असं धरून चालू नका. एखादं प्यादं सरळ सरळ फुकट पडलेलं असतं आणि आमचे एखादे काका ते मारत नाहीत. का, विचारलं तर म्हणतात, "त्या पोराने काहीतरी विचार केलाच असेल." दोनदा मोजा. तिसऱ्यांदा मोजा. सापळा दिसत नसेल तर मारा. तो चुकला असेल तर प्यादं तुमचं, आणि सापळा असेल तर निदान तो कसा लावतात हे कळेल. दचकून एकेक मोहरा मागे घेत बसलात तर डावही जातो आणि शिकायलाही काही मिळत नाही.

सापळे लावून मोठ्या खेळाडूला पाडता येईल का? चार खेळ्यांची मात चालते का?

त्या मातेला नवखेच बळी पडतात. (पुढे घरांची नावं येतील : पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८.) पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, काळाही तेच करतो. मग पांढरा वजीर थेट एच५ वर येतो, पाठोपाठ उंट सी४ वर, आणि दोघांचा डोळा एफ७ च्या प्याद्यावर. त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचा आधार नसतो. काळ्याचं लक्ष नसलं की चौथ्या खेळीला वजीर ते प्यादं मारतो आणि डाव संपतो.

उत्तर सोपं आहे. वजीर एच५ वर आला की घोडा सी६ वर आणून ई५ चं प्यादं सांभाळा. उंट सी४ वर आला की जी-पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सारून वजिराला हाकला. तो एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ कडे बघेल, तेव्हा दुसरा घोडा एफ६ वर आणा. आता पट बघा. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आलेत आणि पांढऱ्याचा वजीर स्वतःच्याच घोड्याच्या आवडत्या घरावर बसलाय.

समोरच्याने पाहिलं नाही तरच चालेल, अशा आशेवर केलेली खेळी ही वाईट सवय आहे. समोरच्याने पाहिली तरी तुमची स्थिती बिघडत नसेल तर तो सापळा खुशाल लावा. बिघडत असेल तर नको.

मी सगळ्या मोहऱ्यांची मारामारी (अदलाबदल) करून बरोबरी साधायचं ठरवलंय. योग्य आहे का?

सहसा नाही, आणि हा गैरसमज फार जुना आहे. वजिरावजिरी झाली, हत्ती गेले, म्हणजे धोका टळला असं वाटतं. पण बलवान आणि कमजोर यांच्यातली दरी सर्वांत जास्त दिसते ती शेवटच्या टप्प्यातच. दोन्ही बाजूंना राजा आणि चार-पाच प्यादी एवढंच उरलं की चूक झाकायला काही उरत नाही.

एक स्थिती लक्षात ठेवा. पांढरा राजा ई६ वर, त्याचं प्यादं ई५ वर, काळा राजा ई८ वर, पटावर बाकी काही नाही. इथे खेळी कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. तोच राजा प्याद्याच्या मागे असता तर काळ्याने समोरासमोर उभं राहून बरोबरी केली असती. हे ज्याला माहीत आहे तो मारामारीला हसत हसत तयार होतो आणि ज्याला माहीत नाही तो तिच्याकडे आसरा म्हणून बघतो. तुमच्या राजावर हल्ला चढला असेल आणि वजिरावजिरीने तो मोडत असेल तर जरूर करा. निव्वळ भीतीपोटी करू नका.

बरोबरी मागायची असेल तर आपली खेळी करून, घड्याळ दाबण्याआधी विचारायचं. एकदा नाही म्हटलं की पुन्हा पुन्हा विचारून समोरच्याला त्रास देता येत नाही, नियमच तसा आहे.

माझा घोडा फुकट गेला. डाव सोडून देऊ का?

नको. आमच्याकडे शिकणाऱ्यांनी डाव सोडायचाच नाही असं ठरलेलं आहे, आणि त्याला भक्कम कारणं आहेत.

नुसत्या राजाविरुद्ध राजा आणि एक घोडा किंवा एक उंट असेल तर मात होऊच शकत नाही. दोन घोडे असले तरी समोरच्याने चूक केल्याशिवाय मात लादता येत नाही. समोरच्याचं कडेच्या पट्टीतलं एकच प्यादं उरलं असेल आणि त्याचा उंट त्या प्याद्याच्या शेवटच्या घराच्या रंगाचा नसेल, तर तुमचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की डाव बरोबरीत. एक आख्खा उंट आणि प्यादं जास्त असून! शिवाय स्टेलमेट आहेच, म्हणजे राजाला शह नाही पण खेळायला एकही खेळी नाही, तरी डाव बरोबरीत. दोन वजीर करून घेतलेली पोरं घाईघाईत समोरच्या राजाला खेळीच ठेवत नाहीत आणि अर्धा गुण घालवतात. समोरच्याची वेळ संपली पण तुमच्याकडे नुसता राजा आहे, तरीही निकाल बरोबरीच.

म्हणून मागे पडलात की प्याद्यांची मारामारी करा आणि मोहरे राखा. पुढे असलात की उलट, मोहरे मारामारीत घालवा आणि प्यादी जपा. एक घोडा जास्त असून एकही प्यादं नसेल तर त्या घोड्याचा काही उपयोग नाही, हे वर आलंच.

मोठ्यांनी डाव कधी सोडावा? समोरच्याच्या खुर्चीत आपण असतो तर हा डाव हमखास जिंकलो असतो, आणि समोरच्यालाही ते येतं, अशी खात्री पटली की सोडावा.

मी बराच वरचढ आहे. समोर मूल किंवा नवखे शेजारी असले तर मुद्दाम हरू का?

नाही. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मुद्दाम वजीर ठेवून दिलेला मुलांना कळतो. आज नाही कळला तर सहा महिन्यांनी तोच डाव आठवून कळतो, आणि मग तुमच्याविरुद्ध खरोखर मिळवलेल्या विजयावरही त्यांचा विश्वास बसत नाही. गाणं शिकवणारे गुरुजी शिष्याला बरं वाटावं म्हणून बेसूर गात नाहीत, सोपी बंदिश निवडतात. पटावरही तसंच करावं. सवलत द्यायची तर डाव मांडण्याआधी, दोघांना माहीत असेल अशी उघड द्या. एकदा डाव सुरू झाला की दोघांनीही पूर्ण ताकदीने खेळायचं. मग नवखा जिंकला तर तो विजय अस्सल असतो, कारण त्यासमोर तुम्ही काही राखून ठेवलेलं नसतं.

पूर्ण ताकदीने खेळणं म्हणजे समोरच्याला रगडणं नव्हे. जिंकलेला डाव लांबवून तीन-तीन वजीर करून दाखवू नका. मात दिसतेय तर द्या आणि पुढचा डाव मांडा. खेळताना उसासे, खिडकीबाहेर बघणं, फोन चाळणं हे समोरच्याला फार लागतं. आठ वर्षांच्या मुलीसमोर बसलात तरी ग्रँडमास्टरसमोर बसल्यासारखं बसा.

आणि "यातून मला काय मिळणार?" असं विचारणाऱ्या आमच्या मजबूत खेळाडूंना आम्ही सांगतो की जिंकत असलेला डाव न घसरता जिंकणं हे वेगळं कसब आहे. ते तुमच्या तोडीच्या खेळाडूबरोबर क्वचितच सरावायला मिळतं. इथे दर रविवारी मिळतं.

मग सवलत नेमकी कशी द्यायची?

ही पद्धत आमची नाही, फार जुनी आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पॅरिस-लंडनच्या कॉफीगृहांमध्ये असमान खेळाडूंमधले डाव सवलतीनेच होत. सर्वांत लहान नेहमीची सवलत म्हणजे बलवान खेळाडूने काळे मोहरे घ्यायचे आणि आपलं एफ७ चं प्यादं काढून ठेवायचं. तेच ते नाजूक प्यादं, त्यामुळे काळ्याचा राजा पहिल्यापासून उघडा. युरोप गाजवून आल्यावर अमेरिकेच्या पॉल मॉर्फीने कुणालाही हीच सवलत देऊन खेळण्याची तयारी दाखवली होती. त्याहून मोठ्या फरकाला घोडा, मग हत्ती, अगदी नवख्याला वजीर. मोहऱ्यांची ढोबळ किंमत तुम्हाला माहीतच असेल : प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९.

पुढे मानांकन आलं, मानांकनाच्या स्पर्धांत असे डाव धरले जात नाहीत, आणि ही प्रथा मागे पडली. संगणकाने ती परत आणली. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा आणि बुद्धिबळ खेळणारा कोमोडो हा प्रोग्रॅम यांच्यात चार डाव झाले. प्रत्येक डावात कोमोडोने काही ना काही सवलत दिली होती, कधी प्यादं, कधी सुरुवातीच्या चार खेळ्या. तरीही कोमोडो अडीच-दीड गुणांनी जिंकला. जगातल्या अव्वल खेळाडूला सवलत घ्यायला कमीपणा वाटला नाही, तर आपल्या देशपांडे काकांना का वाटावा!

आमच्याकडे आधी वेळेची सवलत देतात. एकाला दहा मिनिटं, दुसऱ्याला पाच किंवा तीन. याचा मोठा फायदा असा की पट पूर्ण राहतो आणि सुरुवात नेहमीसारखी खेळता येते. तेवढ्याने भागलं नाही तर बी१ चा घोडा काढतात. लागोपाठ तीन डाव बलवान जिंकला की सवलत एक पायरी वाढते, लागोपाठ दोन डाव दुसरा जिंकला की कमी होते. सवलत उतरत जाणं हीच प्रगती मोजण्याची आमची पट्टी आहे.

सवलत घेणाऱ्याने एवढं करावं की मारामारी टाळू नये. मघाशी भीतीपोटी नको म्हटलं होतं, इथे गणित उलटं आहे. एक घोडा पहिल्यापासून जास्त आहे, मग जितके मोहरे कमी होतील तितका तो घोडा जड होत जातो.

आमचे आजोबा देशी नियमांनी खेळतात. नातवाशी जमेल का?

जमतं, फक्त कुठल्या नियमांनी खेळायचं ते आधी ठरवा. देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नसतं, राजाला शह लागलेला नसेल तर त्याला एकदा घोड्याची उडी मारता येते, आणि शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा सहसा त्या पट्टीचा मोहरा होतो. गावोगावी थोडा फरक असतो, तेव्हा आजोबांनाच विचारा.

या खेळात वाढलेल्यांना कमी लेखू नये. मीर सुलतान खान याच देशी नियमांवर तयार झाले, विलायतेत जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. आमच्याकडचे आजोबा सुरुवातीला मागे पडतात, पण प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला की मानांकन असलेल्या पोरांनाही घाम फोडतात. एक डाव फिडेच्या नियमांनी आणि एक देशी, असं आलटून पालटून खेळणारी आजोबा-नातवाची जोडी असेल तर आम्हाला फार आनंद होईल.

हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे का? नवख्याने खेळी परत मागितली तर?

स्पर्धेत हो. आपल्या खेळीच्या वेळी जाणूनबुजून हात लावलेला मोहरा खेळावा लागतो आणि समोरच्याच्या मोहऱ्याला लावला तर, मारता येत असेल तर, मारावा लागतो. नुसता नीट ठेवायचा असेल तर आधी "ठीक करतोय" असं म्हणायचं. पारंपरिक आणि जलद स्पर्धेत नियमबाह्य खेळी पूर्ण केली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्यांदा केली तर डाव जातो.

रविवारी आमच्याकडे अगदी नव्यांना वेगळं टेबल आहे, तिथे खेळी परत घेता येते. इतर टेबलांवर नाही, मग समोर कितीही मोठा किंवा लहान असो.

माझ्याहून वरच्याशी खेळून मानांकनात किती फरक पडतो?

समजा १५०० चं शाळकरी मूल १७०० च्या काकांशी पारंपरिक वेळेचा मानांकित डाव खेळतंय. मिळालेला गुण आणि अपेक्षित गुण (२०० च्या फरकाला मुलाचा ०.२४, काकांचा ०.७६) यांतल्या फरकाला फिडे एका गुणकाने गुणते. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूसाठी हा गुणक ४० असतो. नेहमीच्या प्रौढ खेळाडूसाठी २४०० पर्यंत २०. मूल जिंकलं तर त्याचे ३०.४ गुण वाढतात आणि काकांचे १५.२ जातात. बरोबरी झाली तर मुलाला १०.४ मिळतात, काकांचे ५.२ जातात. काका जिंकले तर त्यांना ४.८, आणि मुलाचे ९.६ कमी.

मोठे लोक मुलांशी खेळायला नाखूश का असतात ते या आकड्यांत दिसतं. जिंकून फार मिळत नाही आणि घसरलं तर तिप्पट जातं. म्हणूनच रविवारच्या डावांचं मानांकन आम्ही कुठेच लिहीत नाही.

ऑनलाइन माझं मानांकन १६०० आहे. म्हणजे फिडेचंही तेवढंच धरायचं?

नाही. लिचेस ही वेबसाइट एलोऐवजी ग्लिको-२ ही मानांकनाची पद्धत वापरते आणि नव्या खेळाडूला १५०० पासून सुरू करते. खेळणारे लोक वेगळे, हिशेब वेगळा, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. फिडेचं पहिलं मानांकन मिळायला मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात आणि ते १४०० च्या खाली असेल तर यादीत येत नाही. ऑनलाइन आकडा तुमच्या स्वतःच्या प्रगतीचा आलेख म्हणून बघा.

मुलगा दर रविवारी मोठ्यांकडून हरतो आणि घरी जाऊन रडतो. आणू की नको?

आणा, पण आम्हाला सांगा, म्हणजे त्याला एक डाव वरच्याशी, एक बरोबरीच्याशी आणि एक त्याच्याहून नवख्याशी असा मिळेल. सतत हरणं कुणालाच सोसत नाही, मोठ्यांनाही नाही. नवख्याशी खेळताना त्याला पहिल्यांदा समजतं की समोरच्या बाजूने पट कसा दिसतो, आणि त्याचा खेळ बऱ्याचदा तिथूनच सुधारू लागतो.

पालकांना विनंती. डाव चालू असताना टेबलापाशी उभे राहू नका. मुलं पटाऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. परतीच्या रिक्षात "कितीने हरलास?" न विचारता "डाव कुठे फिरला?" असं विचारा. सांगता आलं तर दिवस कारणी लागला.

डाव संपल्यावर काय करायचं?

दोघांनी मिळून तो पुन्हा मांडायचा. असमान डावातून सर्वांत जास्त मिळतं ते या पंधरा मिनिटांत. आधी कमजोर खेळाडूने बोलायचं : इथे मला असं वाटलं, इथे मला भीती वाटली. मग बलवानाने सांगायचं की तेव्हा तो काय बघत होता. पुष्कळदा असं निघतं की तुम्ही ज्या हल्ल्याला घाबरून मोहरे मागे घेतलेत तो त्याच्या डोक्यातही नव्हता, आणि तुम्ही सहज केलेल्या एका खेळीने त्याची झोप उडवली होती. यासाठी खेळ्या लिहिलेल्या हव्यात, म्हणून नोटेशन लिहिण्याची सवय लावा.

स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम फुकट आहे आणि जगज्जेत्यापेक्षाही बलवान आहे, पण ते घरी गेल्यावर उघडा. आधी उघडलं तर दोघंही बोलणं थांबवून पडद्यावरचा आकडा वाचत बसतात.

आम्ही नवी मुंबईतून येणार. काय लक्षात ठेवायचं?

वाशी, नेरूळ, पनवेलहून ट्रान्स-हार्बरने थेट ठाण्याला येता येतं आणि स्टेशनवरून नौपाडा चालत आहे. रविवार असल्याने मेगाब्लॉक आहे का ते सकाळीच बघून घ्या. ब्लॉक असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने बस धरा. पट आणि घड्याळं आमच्याकडे आहेत. मानांकन असेल तर आल्यावर सांगा, नसेल तरी सांगा, त्याप्रमाणे जोडी लावू. उशीर झाला तरी या, शेवटचा डाव आम्ही साडेआठला सुरू करतो.